पाच वर्षांनंतरचं मूल कुठे गेलं?

प्राथमिक आरोग्य सेवेतल्या बालआरोग्यावरचा तुमचा लेख वाचला. त्यात लसीकरण आणि बाळांच्या वजनाच्या नोंदीवर भर आहे, तो योग्यच. पण पाचव्या वर्षानंतर मूल प्राथमिक आरोग्य व्यवस्थेच्या नजरेतून जवळजवळ निसटतं, त्यावर एक ओळही नाही हे खटकलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात आखलेली बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची (एकाच भेटीत मुलाचे आजार, पोषण आणि लसीकरण सगळंच तपासण्याची) पद्धतही पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच होती. तिचा उपयोग झाला, वाद नाही. पुढे मात्र ठरलेल्या अशा भेटी फारशा उरत नाहीत. बहुतेकदा आजारी पडलं तरच मूल दवाखान्याची पायरी चढतं.

आणि १० ते १९ या वयातले प्रश्न नुसते ताप-जुलाबाचे नसतात. अपघात, आत्महत्येचे विचार, रक्तक्षय, पाळीच्या तक्रारी, व्यसनाची सुरुवात. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस मुख्यतः ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देतात. मुलगी समोर आलीच आहे, तर उंची, डोळे, दात, झोप, मन याचीही विचारपूस करा की! त्यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो थोडा वेळ, आणि आईवडिलांना बाहेर बसवून एकांतात बोलता येईल अशी एक खोली. (नेमकी तीच नसते. रांगेतल्या सगळ्यांसमोर कोण पाळीबद्दल बोलेल?) माझ्या मते हे काम डॉक्टरांपेक्षा प्रशिक्षित परिचारिका जास्त चांगलं करेल. फक्त तिच्यामागचं रजिस्टरं भरण्याचं ओझं आधी कमी करा.