तीन खून, तीन जन्मठेपा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एकाच आरोपीला अनेक जन्मठेपा का दिल्या जातात, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला आयुष्य एकच, तेव्हा तीन-चार जन्मठेपा म्हणजे निव्वळ टाळ्या मिळवणारा आकडा. चौदा वर्षांनी तो बाहेर येणारच असतो. आणि खरोखर कायमचं आत ठेवायचं असेल तर न्यायाधीशांनी निकालात सरळ 'मरेपर्यंत' असं लिहावं. सावरकरांच्या दोन जन्मठेपांचा दाखलाही तुम्ही दिलात.

मला वाटतं, यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. शिक्षा किती, हा एक. माणूस किती वर्षं आत राहणार, हा दुसरा. कोर्ट पहिल्याचं उत्तर देतं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

शिक्षा माणूस भोगतो, पण ती दिली जाते गुन्ह्याबद्दल. प्रत्येक खुनाचा दोषारोप वेगळा ठेवला जातो, त्याचा पुरावा वेगळा तपासला जातो आणि निष्कर्षही वेगळा निघतो. अशा खटल्याच्या निकालपत्राची शेवटची पानं कधी मिळाली तर जरूर पाहा. अंतिम आदेशात एकेका मयताचा वेगळा परिच्छेद असतो: अमुकच्या खुनाबद्दल दोषी, अमुक कलमाखाली जन्मठेप, इतका दंड, दंड न भरल्यास आणखी इतके महिने कैद. मग पुढचं नाव, आणि पुन्हा तेवढंच सगळं. त्रयस्थाला हे रटाळ वाटेल. पण ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी तो परिच्छेद म्हणजेच निकाल असतो. सगळ्यांची मिळून एकच जन्मठेप ठेवली, तर पहिल्या खुनानंतरचे सगळे खून बिनशिक्षेचे राहतात. हे मला मान्य होणं शक्य नाही.

याची व्यवहारातली बाजू अपिलात दिसते. समजा, एकाच रात्री तीन खून झाले. पहिला खून होताना प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आहे. दुसऱ्यात आरोपीने काढून दिलेलं हत्यार हाच मुख्य पुरावा. तिसऱ्यात मयत शेवटचा आरोपीबरोबर दिसला होता, एवढ्यावरच सगळी साखळी उभी आहे. सत्र न्यायालय तिन्हींत दोषी ठरवतं. उच्च न्यायालयात हत्यार जप्तीचा पंचनामा विश्वासार्ह ठरत नाही, आणि 'शेवटचे एकत्र दिसले' एवढ्यावर दोषसिद्धी टिकणं तर अवघडच असतं. दोन खुनांत आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतो. पहिल्या खुनाची जन्मठेप मात्र जागेवर राहते, कारण ती मुळातच वेगळी दिलेली होती. तिन्हींची एकच मोट बांधली असती, तर उरलेल्या एका गुन्ह्याची शिक्षा किती, यावर नव्याने वाद सुरू झाला असता.

ओक्लाहोमा सिटीचं प्रकरण मला या बाबतीत फार महत्त्वाचं वाटतं. 1995 मध्ये तिथल्या सरकारी इमारतीत झालेल्या बॉम्बस्फोटात 168 माणसं मेली. कटातला साथीदार टेरी निकोल्स याला अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयाने 1998 मध्ये आजन्म कारावास दिला, सुटकेची शक्यता न ठेवता. तुमच्या हिशेबाने विषय इथेच संपायला हवा होता. पण त्या खटल्यात मृत्यूचे दोषारोप होते फक्त आठ, केंद्राच्या सेवेतल्या आठ अधिकाऱ्यांचे. उरलेल्या 160 जणांच्या मृत्यूबद्दल निकोल्सला कोणत्याही कोर्टाने दोषी ठरवलेलं नव्हतं. म्हणून राज्याने स्वतंत्र खटला चालवला. त्यात एका न जन्मलेल्या बाळासह 161 खुनांचे आरोप होते. 2004 मध्ये तो सगळ्यांत दोषी ठरला. फाशीवर ज्यूरीचं एकमत झालं नाही, तेव्हा त्याला एकामागून एक भोगायच्या 161 जन्मठेपा झाल्या. आधीच जन्मभर आत असलेल्या माणसासाठी एवढा खटाटोप कशाला, असं तेव्हाही अनेकांनी विचारलं. मी त्या 160 घरांच्या बाजूने उभा आहे. शिवाय पहिली शिक्षा पुढे कधी रद्द झालीच असती, तरी दुसरी तयार होती.

आता चौदा वर्षांचं. हा गैरसमज इतका पसरलाय की वकिलांच्या तोंडूनही ऐकू येतो. चौदा वर्षं हा कैद्याचा हक्क नाही. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली, तर सरकार शिक्षेत सूट देऊन त्याआधी सोडू शकत नाही, एवढाच चौदा वर्षांचा उल्लेख असलेल्या कलमाचा अर्थ. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर स्पष्ट केलं. वीस वर्षं धरून आणि मिळालेली सूट वजा करून आपली सुटका व्हावी, अशी त्यांची मागणी होती, ती फेटाळली गेली. सूट द्यायची की नाही, हे सरकार ठरवतं.

आणि नेमकं इथेच अनेक जन्मठेपांना वजन येतं. 2016 मध्ये मुथुरामलिंगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, अनेक खुनांसाठी अनेक जन्मठेपा देता येतात, पण त्या एकामागून एक भोगायला लावता येत नाहीत, कारण आयुष्य एकच आहे. म्हणजे तुमचा मुद्दा घटनापीठानेही मान्य केलेला आहे. पण त्यांनी तिथे थांबून जन्मठेपा निरर्थक ठरवल्या नाहीत. दोन, त्या एकमेकींवर रचलेल्या राहतील, असं म्हटलं. एका जन्मठेपेत सूट मिळाली म्हणून दुसरीत ती आपोआप मिळत नाही. सरकारला कैद्याला सोडायचं असेल तर प्रत्येक शिक्षेचा वेगळा विचार करावा लागतो. याला टाळ्यांचा आकडा कसं म्हणायचं?

सावरकरांचा दाखला इथे लागू पडत नाही. 1910-11 मध्ये परक्या सत्तेने त्यांना दिलेल्या दोन जन्मठेपा प्रत्येकी 25 वर्षांच्या धरल्या होत्या, एकीनंतर दुसरी. सत्तावीस वर्षांच्या तरुणाला सुटकेचं साल दिलं होतं 1960. तिथे आकडा खरोखरच कैद्याच्या आयुष्यावर मोजलेला होता. आज आपल्याकडे तसं करताच येत नाही.

तुमच्या चिडीचं एक कारण मात्र मला पटतं. माद्रिदच्या 2004 च्या रेल्वे स्फोटांतल्या मुख्य आरोपींना चाळीस हजारांहून जास्त वर्षांची शिक्षा झाली, ही बातमी जगभर गेली. स्पेनच्या कायद्याप्रमाणे प्रत्यक्षात भोगायची कमाल मुदत 40 वर्षं, हे बातमीच्या तळाशी कुठेतरी. असे आकडे नुसते मथळ्यात टाकले की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे. पण तो दोष बातमी देणाऱ्यांचा आहे.

कॅनडात याच्या पुढची पायरी घडली. अनेक खून असतील तर पॅरोलसाठी, म्हणजे अटींवर सुटकेसाठी, थांबायची 25-25 वर्षं एकावर एक जोडता येतील, असा कायदा तिथे 2011 मध्ये झाला. 2017 मध्ये क्विबेकच्या मशिदीत सहा जणांना मारणाऱ्याच्या प्रकरणात, 2022 साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. पॅरोलची आशाच संपवणं क्रूर आहे, असं कारण दिलं. सहा खुनांच्या सहा शिक्षा कायम राहिल्या, वर्षांची बेरीज तेवढी गेली. मला हा निकाल बरोबर वाटतो. प्रत्येक मृताची नोंद हवी, आणि जिवंत माणसाचं पुढे काय करायचं याचा निर्णय उघडा राहायला हवा.

राहिला 'मरेपर्यंत' लिहिण्याचा मुद्दा. काही गुन्ह्यांच्या कलमांतच तसे शब्द आहेत, तिथे प्रश्न नाही. खुनाच्या कलमाखाली मात्र 'सूट न देता इतकी वर्षं' किंवा 'शेवटच्या श्वासापर्यंत' अशी शिक्षा देण्याचा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रीहरन निकालाने ते पक्कं केलं. तुम्ही ज्या न्यायाधीशांवर रागावलात ते बहुधा सत्र न्यायालयातले असतात, आणि त्यांना ती ओळ लिहायची परवानगीच नाही. सिद्ध झालेल्या प्रत्येक खुनाला वेगळी शिक्षा देणं एवढंच त्यांच्या हातात असतं, आणि तेवढं ते करतात.