रँग्लर, मास्तर आणि बाहेरचा शिक्का

दहावीचा निकाल लागला की दापोलीत फ्लेक्सना जागा पुरत नाही. कोकण विभाग राज्यात पहिला, गणितात शंभरपैकी शंभर, खाली शुभेच्छुकांची रांग. मग सत्काराला कुणीतरी उठून म्हणतंच, 'ही रँग्लर परांजप्यांची भूमी आहे!'

आहेच. आंजर्ल्याजवळचं मुर्डी हे त्यांचं गाव. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले, सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. (रँग्लर म्हणजे त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला, सीनियर रँग्लर म्हणजे त्यांतला पहिला.) (पहिला क्रमांक दोघांत विभागून होता, पण ते भाषणात कोण सांगणार!) पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य, मंत्री, लखनौचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर. माणूस मोठाच, वाद नाही. पण गणितात त्यांच्या नावावर नवं काय, असं एखाद्या पोराने विचारलं तर व्यासपीठावर चुळबुळ सुरू होईल. परीक्षेतला नंबर हीच कीर्ती, आणि ती जन्मभर पुरली. खुद्द केंब्रिजने ती क्रमवारी जाहीर करणं १९०९ नंतर बंद केलं. आपलं अजून चालूच आहे.

याच किनाऱ्यावर वर डहाणूला १९०५ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. बीएस्सी झाले, पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर.

या मास्तरांनी शोधलेली एक गंमत बघा. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. रँग्लरांचं सालच घेऊ. १८९९ चे अंक उतरत्या क्रमाने ९९८१, चढत्या क्रमाने १८९९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तेच: ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात वजाबाक्या, सुटका नाही. हाच कापरेकर स्थिरांक, जगभर याच नावाने ओळखतात.

इथल्या विद्वानांनी मात्र हा पोरखेळ समजून सोडून दिलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते!

मला खुपतं ते हे. एकाला शिक्का केंब्रिजचा, दुसऱ्याला अमेरिकेचा. आपल्या माणसाचं काम आपण स्वतः कधी तपासणार?

तसा एक अपवाद आहे. १९२७ मध्ये विद्यार्थी कापरेकरांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक मिळालं होतं, आणि ते होतं रँग्लर परांजप्यांच्याच नावाचं. म्हणजे पोरगं काहीतरी वेगळं करतंय हे कुणाला तरी इथेच दिसलं होतं, तेही मार्कांच्या पलीकडे बघून. तसलं बक्षीस आज तालुक्यात कुठली शाळा देते? असेल तर कमेंटमध्ये सांगा, वर्गणी द्यायला मी तयार आहे. फ्लेक्सला मात्र एक रुपया देणार नाही.