रघुराजपूर उरका पंचवीस मिनिटांत

पुरीला निघालाय ना? जगन्नाथाचं दर्शन, समुद्रावर उंटावर बसून फोटो आणि खाज्याचे चार पुडे एवढं झालं की टूरवाले तुम्हाला रघुराजपूरला नेतील. पुरीपासून जेमतेम १४ किलोमीटर. घाबरू नका, उतरल्यावरही बस सुरूच ठेवतात.

गावात समोरासमोर घरांच्या रांगा, भिंती चित्रांनी भरलेल्या, आणि घरोघरी चित्रकार. ओसरीवर कुणी पट रंगवत असतो, कुणी ताडपत्रावर लोखंडी टोकाने रेषा कोरत असतो. जाताच विचारायचं, ‘केवढ्याला?’ कसं करता, हे मात्र चुकूनही विचारू नका, ते खरंच सांगतात. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवायचे, वर खडूची भुकटी, वाळलं की आधी खरखरीत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचं. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा, तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, आणि त्यात कवठाच्या झाडाचा डिंक. ऐकता ऐकता दहा मिनिटं जातात आणि भाव एक रुपयाने उतरलेला नसतो. त्यापेक्षा ‘नॅचरल कशावरून?’ म्हणत कोपरा नखाने खरवडून बघा.

घासाघीस करताना मन घट्ट हवं. ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर जगन्नाथाला ताप भरतो आणि पंधरवडाभर तो कुणाला दर्शन देत नाही. त्या दिवसांत देवळात पूजा होते ती चित्रकारांनी रंगवलेल्या पटांची. थोडक्यात, देव आजारपणाच्या रजेवर गेला की बदलीवर येते ती ही कला. बदलीवाल्याला पगार कमीच असतो, हा मुद्दा लावून धरा. बोलण्याच्या ओघात फनी वादळ निघालं, मे २०१९ मध्ये छपरं उडाली, रंगवलेले पट भिजले वगैरे, तर हळहळून झाल्यावर विचारा, ‘मग त्यातलं काही स्वस्तात असेल ना?’

नंतर गोटिपुअ. साडी नेसलेली, दागिने घातलेली लहान मुलं मर्दलाच्या ठेक्यावर नाचतात आणि मध्येच धनुष्यासारखी मागे वाकून एकमेकांवर रचली जातात. तेव्हा ‘अगं बाई, हे मुलगे आहेत?’ असं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने म्हणायचं. ज्यांच्या घरी बालगंधर्वांच्या शालूचं कौतुक तीन पिढ्या चाललंय, त्यांनी तर आणखी मोठ्याने. कसरत असेपर्यंत शूटिंग करा, अभिनय सुरू झाला की व्हॉट्सॲप उघडा. ओडिसीला आजचं रूप देणाऱ्यांतले केलुचरण महापात्र १९२६ साली याच गावात जन्मले आणि लहानपणी असेच नाचले, हे गाइड सांगेलच. तेव्हा तुम्ही शहाळं पीत असाल. आणि हो, नाच संपल्यावर एका मुलाला ओढून घेऊन फोटो काढायला विसरू नका. त्याला धाप लागलेली असते, त्यामुळे तो फार विरोध करत नाही.

पट अर्ध्या भावात मिळाला की तो चौकोनी घडी घालून पर्समध्ये कोंबा. रंगाला भेगा पडतील, पण घरी लॅमिनेट करून घेता येतो. बसमध्ये शेजारच्या काकूंना तसाच पट शंभर रुपये कमी देऊन मिळाल्याचं कळेल. त्या क्षणापासून भुवनेश्वर येईपर्यंत सगळ्यांना सांगत राहा की इथले लोक पक्के लुटारू आहेत.