तळं वाचवल्याचा इतिहास कसा लिहावा

आमच्या तळ्याच्या बचाव मोहिमेची स्मरणिका परवा हातात पडली. चाळीस पानं. पहिली सतरा शुभसंदेशांची, शेवटची बारा जाहिरातींची, मध्ये मान्यवरांचे फोटो. मोहिमेचा इतिहास पाऊण पान, त्यातही अर्ध्या पानावर कारंजं. आज ना उद्या असं लिखाण तुमच्याही गळ्यात पडणार, म्हणून अनुभवाचे चार बोल.

सुरुवात ‘लोकसहभागातून’ या शब्दाने करा. लोक कोण, ते विचारायचं नाही.

जलपर्णी उपसतानाच्या फोटोत हातमोजे कोरे करकरीत हवेत.

आकडे आणि सनावळ्या कटाक्षाने टाळा. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराचं बघा. त्याला मिळणारे ओढे लॉस अँजेलिसने १९४१ पासून वळवले आणि सरोवर आटत चाललं. १९७६ साली काही विद्यार्थी तिथे जाऊन पक्षी न् पाण्यातले किडे मोजत बसले. १९७८ ला समिती झाली, १९८३ ला कोर्टाचा निकाल आला, १९९४ ला शहराच्या उपशावर मर्यादा आली. मोजणी केली की अशी कटकट होते. आमच्याकडेही एक काकू होत्या. दर महिन्याला काठीवरच्या खुणांनी पातळी बघायच्या, नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा रंग आणि मेलेले मासे वहीत लिहायच्या. पानं भिजून एकमेकांना चिकटलेली ती वही स्मरणिकावाल्यांनी मागितलीसुद्धा नाही. शहाणे आहेत.

खलनायक म्हणून जलपर्णी उत्तम. ती बोलत नाही, तिचं मतदान नाही. नाल्याचं नाव मात्र काढू नका. सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर ती पोसली जाते, अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट होते, तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, हे सगळं आम्ही निवेदनात लिहून दिलं होतं, पोचही घेतली होती. मग काय झालं? पोकलेन आलं, जलपर्णी काठावर काढून ठेवली, ती तिथेच कुजली आणि पहिल्या पावसात परत पाण्यात गेली. पुढच्या वर्षी पुन्हा निविदा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा! नाला तसाच. वर सुशोभीकरण. काठाची पाणथळ, जिथे पाणकोंबड्या अंडी घालायच्या, ती बुजवून दगडी भिंत आणि चालायला ट्रॅक. पवईत तलावाकाठचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली बेकायदा ठरवला, ते छापलेलं कात्रणही जोडलं होतं. ‘तुम्हाला विकासच नको का?’ असं उत्तर मिळालं.

ज्यांनी तेव्हा असं विचारलं, त्यांचाच फोटो आज मुखपृष्ठावर. ‘तळ्याचे शिल्पकार’ म्हणे.

जाऊ दे, उपरोध आता जमत नाही. अहो, थोडी तरी लाज ठेवा! त्या काकू गेल्या, त्यांचं नाव चाळीस पानांत एकदाही नाही. आमचंही नसू दे, आम्ही काही मागायला आलेलो नाही. पण ‘तळं वाचलं’ असं छापताना एकदा काठावर येऊन उभं तरी राहायचं होतं. वास येतो. मुखपृष्ठावरच्या कारंज्याच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, तो नालाच दिसतोय. तो आधी बंद करा.