मामा, सिलिंडर आधी स्वयंपाकघरात परत ठेवा

"गाडीच्या एसीचा कंडेन्सर बदलू नका, मेकॅनिक लुटतात. भोकाला एम-सील लावा, घरच्या सिलिंडरचा गॅस भरा. ड्रायर, व्हॅक्यूम सगळी थापेबाजी." हा मेसेज महिनाभर फिरतोय. (कंडेन्सर म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूची, एसीचा गॅस गार करणारी जाळी.) मी दुर्लक्ष करत होतो. काल अमळनेरहून मामांचा फोन आला, "भाचा, पंधरा मिनिटनं काम शे, सिलिंडर ओसरीत आणून ठेवलाय." मी स्वतः जळगावात गाड्यांच्या एसीचंच काम करतो. मला घाम फुटला.

एलपीजीने गार हवा येते, हे खरं. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, हेही खरं. पण फ्रिज त्यासाठीच बनवलेला, सीलबंद, आणि त्यात गॅस मोजका. गाडीत रबरी पाइप, ओ-रिंगा, वर सतत हादरे. कूलिंग कॉइल तर डॅशबोर्डच्या आत, म्हणजे ती गळाली की गॅस थेट केबिनमध्ये. हिशोब करा: हवेत एलपीजी 2 टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीने पेटतो. केबिन 3 घनमीटर धरली तर 60 लिटर, वजनाने सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. एसी चालवायला साधारण तेवढा गॅस भरावाच लागतो. काचा बंद, मागच्या सीटवर नातवंडं! अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आर-12 या जुन्या एसी गॅसच्या गाड्यांत असले ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस भरायला मनाई केली, ती याच धोक्यामुळे. गाड्यांच्या एसीत भरतात तो आर-134ए गॅस असा पेट घेत नाही.

एम-सीलचं म्हणाल तर टायरमध्ये 30-35 पीएसआय हवा असते. आपल्याकडच्या मे महिन्यात कंडेन्सरमध्ये 200 च्या वर दाब जातो. तिथे लिंपण किती टिकणार?

कंडेन्सर उघडला की पाइपांत दमट हवा शिरते. ती व्हॅक्यूमने काढायची, उरलेला ओलावा ड्रायर धरतो. नाहीतर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आतून गंज चढतो, शेवटी कॉम्प्रेसर जातो. तो कंडेन्सरपेक्षा महाग.

आता लुटीचं. काही जण गार होत नाही म्हटलं की थेट कंडेन्सर बदलायला लावतात, नाकारत नाही. कित्येकदा पंखा बंद असतो, नाहीतर कंडेन्सरच्या जाळीत धूळ बसलेली असते. बेताच्या धारेने धुतली की भागतं. म्हणून आधी नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून बुडबुडा दाखवायला सांगा. बुडबुडा कंडेन्सरवर आला, तरच तो बदला.

मामा, बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेत, त्याचा फोटो पाठवा. रविवारी पंप आणि गेज घेऊन मीच येतो.