एफएम स्टेशन काढताय? हे वाचा

गाठीशी पैसा असेल आणि गावाशी बोलायची इच्छा अजिबात नसेल, तर एफएम स्टेशन काढा. गेल्या मंगळवारी पुण्यात सिंहगड रोडवर दीड तास अडकलो होतो, तेवढ्यात या धंद्याचा सगळा अभ्यास झाला. फुकट सांगतो.

आधी गाणी. चाळीस पुरे. सकाळी आठचं गाणं साडेनऊला, दुपारी आणि संध्याकाळी घरी येतानाही वाजलं पाहिजे. माणसाला वाटलं पाहिजे की आपण सकाळपासून हललोच नाही. (सिंहगड रोडवर ते खरंही असतं.) गाणी कॉम्प्युटर लावतो, आरजेनं त्यात नाक खुपसू नये. गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं चुकूनही घेऊ नका. ती विविध भारतीची खोड, 1957 पासूनची.

मराठी गाणं 27 फेब्रुवारीला आणि 1 मेला. एरवी पहाटे पाचला.

जाहिराती बाकीची स्टेशनं लावतील त्याच मिनिटाला लावा, म्हणजे बटण दाबून कुणी निसटणार नाही.

रोज एक प्रँक कॉल हवाच. कुठल्यातरी काकांना ‘तुमच्या नावानं पार्सल अडकलंय, दंड भरा’ म्हणून रडकुंडीला आणा आणि मागे हशा वाजवा. हाच फोन भामट्यानं केला तर लोक सायबर पोलिसांकडे जातात, पण तुमची ती ‘मस्ती’.

आता पाऊस. पाऊस म्हणजे रोमान्स, हे आरजेला पाठ करून घ्या. मंगळवारी सहा वाजता राजाराम पुलाच्या अलीकडे गाड्या ठप्प. शेजारी एक डिलिव्हरीवाला पोरगा गाडी बंद करून उभा, पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत, खाण्याची पिशवी डोक्यावर धरलेली. आणि गाडीत आवाज: ‘हाय पुणे! काय मस्त वेदर आहे ना? सांगा बरं, पहिल्या पावसात तुम्ही कुणासोबत भिजलात?’ मग गाणं. मग फ्लॅटची जाहिरात, ‘नदीकिनारी, निसर्गाच्या कुशीत’. मग परत तोच प्रश्न. कुणी श्रुती फोनवर लाजली. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवलाय, भिडे पूल पाण्याखाली गेलाय, नदीपात्रातला रस्ता बंद केलाय, हे सगळं मला बहिणीच्या व्हॉट्सॲपवरून कळलं. बहीण नाशिकला असते!

स्टेशनवाल्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर: आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नाही. हे ऐकून लोक हळहळतात, ही फार उपयोगी युक्ती आहे, लक्षात ठेवा.

फक्त खासगी एफएमसाठीचं सरकारचं 2011 चं धोरण कुणाला वाचू देऊ नका. त्यात वाहतूक आणि हवामान यांची माहिती बातम्यांमध्ये धरलेलीच नाही. वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याच्या सूचना, स्थानिक प्रशासनानं दिलेलं सगळं सांगायला मुभा आहे. परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकऱ्या, गावातल्या सामन्यांचं धावतं वर्णन, सगळ्याला आहे. म्हणजे अडवलंय कुणी? धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते पाटबंधारे खातं स्वतःहून कळवतं. ते वाचायला वीस सेकंद लागतात. श्रुतीला चार मिनिटं दिलीत ना?

नावापुढं शहराचं नाव लावता, होर्डिंगवर ‘आपलं पुणे’ लिहिता, आणि स्टुडिओच्या खिडकीचा पडदा सरकवून बाहेर बघत नाही? गाडी चालवणाऱ्याला मोबाइल बघता येत नाही, त्याच्याकडे फक्त तुम्ही असता. ती हजार माणसं राजाराम पुलाशी जाऊन अडकण्याआधी तुम्ही वळवू शकला असतात. एका वाक्यात. लाज वाटू द्या जरा. तो पोरगा अजून पाण्यात उभा होता, आणि तुम्ही त्याला विचारत होतात, भजी कुठली आवडतात.