डेकवर बसणारे

क्रूझच्या फॉर्मवर माझं नाव 'डेकवर बसणारे' या रकान्यात गेलंय. वर सासूबाई, खाली मी, बस्स. ते नाव तिथे मी घातलं नाही, ट्रॅव्हल एजंट मुलीनेही स्वतःहून घातलं नाही. घातलं ते शेजारच्या खुर्चीवरच्या एका गृहस्थांनी. मांडीवर फाईल घेऊन ते कसलंसं तिकीट रद्द करायला आले होते.

मागणी साधी होती. मुलीला प्राणी बघायचेत, बायकोला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं, करायचंय (तिच्याकडे सर्टिफिकेट आहे, आणि ते ती कोणाला विसरू देत नाही), सासूबाईंना बोट हललेली चालत नाही आणि मला हे सगळं एकाच बिलात हवंय. म्हणून गालापागोस, पॅसिफिक महासागरातली इक्वेडोरची बेटं. पण तिथे प्राणी दाखवणारी बोट वेगळी आणि डायव्हिंगची वेगळी, परवानेच निराळे. डायव्हिंगची बोट पार उत्तरेला वुल्फ आणि डार्विन बेटांपाशी जाते. तिथे हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या, शार्कच्या झुंडी दिसतात, पण पर्यटकांना बेटावर पाय ठेवायला बंदी. म्हणजे बायको पाण्याखाली आणि सासूबाई दिवसभर माझ्यासमोर. उलट प्राण्यांच्या बोटीवर स्नॉर्कलिंगवर, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघण्यावर, भागवायचं. तरी जाहिरातीत ठळक अक्षरांत 'स्कूबा उपलब्ध'! बारीक अक्षरांत वाचलं, तर क्रूझच्या आधी किंवा नंतर सांताक्रूझ बेटावरून एक दिवसाची सहल, खर्च वेगळा. लग्नाच्या हॉलवाले 'पार्किंग उपलब्ध' लिहितात आणि गाडी दोन गल्ल्या सोडून लावायला लावतात, त्यातला प्रकार.

"सरडे बघायला निघालात?" गृहस्थांनी पोस्टरकडे बघत विचारलं.

"इग्वाना आहेत ते. समुद्रात पोहतात, शेवाळ खातात," मी म्हणालो. आणि नको ते बोलून गेलो, "अंगात मीठ जास्त झालं की नाकातून शिंकून टाकतात."

"म्हणजे पैसे आपण भरायचे आणि सरडा आपल्या तोंडावर शिंकणार."

"प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे."

"सरड्याला सांगितलाय?"

सासूबाई हसल्या. माझ्या विनोदावर त्या लग्नापासून हसलेल्या नाहीत.

मग गृहस्थांनी तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी विचारली. मोठ्यांना माणशी २०० डॉलर, बारा वर्षांखालच्यांना १००. मोबाईल काढून त्यांनी माझ्या कुटुंबाचा गुणाकार केला आणि आकडा सासूबाईंना दाखवला. मला नाही, सासूबाईंना.

एवढ्यात एजंट मुलीने फॉर्म उघडला. डायव्हर कोण, स्नॉर्कलर कोण, डेकवर कोण? मुलगी नुकतीच दहा वर्षांची झाल्यामुळे स्कूबाच्या ज्युनियर कोर्सला पात्र ठरली. मीही म्हटलं, कोर्स करतो. त्यावर वैद्यकीय प्रश्नावली निघाली.

"वय पंचेचाळीसच्या वर, सर?"

"हो, आहे," गृहस्थ म्हणाले.

"कोलेस्टेरॉल वगैरे?"

त्यांनी माझ्या पोटाकडे सावकाश नजर टाकली. "असणारच."

पंचेचाळीसच्या वर आणि कोलेस्टेरॉललाही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते म्हणे. मी म्हटलं, राहू दे, स्नॉर्कलर लिहा.

"पाणी गार असतं का हो?" गृहस्थ.

"असतं. हम्बोल्ट नावाच्या थंड समुद्रप्रवाहामुळे. वेटसूट लागतो, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख."

"यांच्या मापाचा मिळतो?"

कोणी काही बोललं नाही. कीबोर्डचा आवाज तेवढा आला.

एक वेळ तेही सोडलं असतं. पण बोटीचा मार्गसुद्धा त्यांनीच ठरवला. तिथे एका बोटीला चौदा दिवसांच्या आत त्याच जागी परत जाता येत नाही, त्यामुळे एका फेरीत सगळं दिसत नाही. पश्चिमेकडे गेलं तर फर्नांदिना बेटावरचा न उडणारा पाणकावळा दिसतो, पण एस्पानोला बेटावरचा अल्बट्रॉस, हा लांब पंखांचा समुद्रपक्षी, हुकतो. या विषयावर मी रात्री जागून वाचन केलं होतं आणि माझा कौल अल्बट्रॉसला होता.

"उडत नाही ना? मग जागेवर सापडेल. पाणकावळाच घ्या."

घरच्यांना पटलं. रात्री जागून वाचणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

काल कोटेशन आलं. बायकोच्या स्कूबाची सहल क्रूझ संपल्यावर. दिवसाला दोन डाइव्ह झाल्या की अठरा तास विमानात बसायचं नसतं, म्हणून हॉटेलची एक जादा रात्र. पाण्याखाली जाणार ती, खोल्या चौघांसाठी. ते एक ठीक. पण सर्वांत खाली 'सल्ला शुल्क' म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. मी फोन करून विचारलं, हे कशाचं? "सर, मार्ग आणि ॲक्टिव्हिटी ठरवायला मदत केली ना, त्याचं." मदत त्या फाईलवाल्यांनी केली, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "हो सर, पण आमच्याच ऑफिसमध्ये केली ना."